यंत्रांची दुरुस्ती : दोष कोणाचा ?

शेतकऱ्यांच्या बैठकींत बाजारभावाच्या खालोखाल आजकाल कोणता विषय निघत असेल, तर तो मिस्त्रीलोकांच्या गाऱ्हाण्यांचा होय. अमक्यानें नव्या क्लचप्लेटचे पैसे घेतले व जुनीच घासून बसविली, तमक्याच्या गॅरेजांत ट्रॅक्टर पंधरा दिवस उघडा पडून राहिला, तिसऱ्यानें एक दुरुस्त केलें व दोन बिघडवून दिलीं, अशा कथा प्रत्येकाच्या संग्रहीं आहेत. त्या सांगतांना सांगणाराचा आवाज चढतो व ऐकणारे माना डोलवितात. प्रस्तुत लेखकानेंही अशा बैठकींत पुष्कळ वेळां मान डोलविली आहे. परंतु २०२४ सालच्या मृगांत आमच्या स्वतःच्या शेतांत जो प्रकार घडला, त्यामुळें या गाऱ्हाण्यांतील निदान निम्मा दोष आपण आपल्या पदरांत घेतला पाहिजे, असें माझें मत झालें आहे. तो प्रकार सांगण्यांत माझी शोभा नाहीं. तरी तो सविस्तर देतों, कारण तो वाचून आणखी चार जणांस आपापली आठवण होईल असा माझा अंदाज आहे.

आमची जमीन सोयगांवास, अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशीं. काळी, चिकण, कपाशीची. पहिला चांगला पाऊस झाल्यावर वाफसा येतो तो फार थोडे दिवस टिकतो, आणि त्या दिवसांत ज्याचें रान तयार असेल त्याची कपाशी साधते. ट्रॅक्टर घरचा, बारा वर्षांचा, तीन सिलिंडरांचा. त्या वर्षीं वैशाखांत अवकाळी पाऊस आला तेव्हां तो उघड्यावर उभा होता. डिझेलच्या टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर झिजलेला होता व त्यांतून पाणी आंत जाईल अशी मला भीति वाटली. म्हणून मीं युरियाच्या गोणीच्या आंतला प्लास्टिकचा कागद फाडून त्याचा एक तुकडा टाकीच्या तोंडावर ठेविला व वरून झाकण घट्ट फिरवून दिलें. पाऊस गेला. तुकडा तेथेंच राहिला व मीही तो विसरलों.

मृग लागल्यावर सालदारानें सकाळीं टाकी गच्च भरून रोटाव्हेटर लावला. अर्धा-पाऊण तास ट्रॅक्टर उत्तम चालला आणि मग दम लागल्यासारखा होऊन बंद पडला. सालदारानें पंपाची हवा काढली, थोडा वेळ थांबून सेल्फ मारला, ट्रॅक्टर चालू झाला. तेवढ्याच वेळानें पुन्हां बंद. असें दिवसभर चाललें. संध्याकाळीं मीं आमच्या नेहमींच्या मिस्त्रीस फोन करून सांगितलें तें शब्दशः असें : “पंप गेला आहे, हवा घेतो. पंप आणि नोजल करून टाका. मला परवां रान धरावयाचें आहे.” त्यानें एवढेंच विचारलें, “अप्पा, नक्की पंपच ना ?” मीं उत्तर दिलें, “बारा वर्षें वापरतों आहे, मला कळत नाहीं का ?”

ट्रॅक्टर ओढून गॅरेजांत नेण्यापूर्वीं मीं टाकींतलें डिझेल डब्यांत काढून घेतलें. गॅरेजांत ठेवलेल्या गाडींतलें डिझेल रात्रींत कमी होतें असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे व तो सर्वस्वी खोटा आहे असेंही नाहीं. मिस्त्रीनें पंप उतरवून शहरांत मशिनवर लावण्यास पाठविला, तीनही नोजल बदलले, फिल्टर नवे घातले, आणि चार-पांच लिटर डिझेल ओतून ट्रॅक्टर दोन तास चालवून पाहिला. तो एकदांही बंद पडला नाहीं. अकरा हजार आठशें रुपये झाले. बिल मागण्याची आपल्याकडे चाल नाहीं. तें मीं मागितलें नाहीं व त्यानें दिलें नाहीं. जुने नोजलही परत आले नाहींत. ट्रॅक्टर घरीं आला, सालदारानें टाकी भरली, आणि अर्ध्या तासानें तो शेताच्या मध्यभागीं पूर्वींसारखाच उभा राहिला.

पुढील आठ दिवसांचें वर्णन लांबवीत नाहीं. ट्रॅक्टर दोन वेळां पुन्हां गॅरेजांत गेला. दोन्ही वेळां टाकी रिकामी करून गेला, दोन्ही वेळां तेथें सुरळीत चालला व दोन्ही वेळां घरीं येऊन बंद पडला. आठवडेबाजाराच्या दिवशीं गॅरेजासमोर चार माणसांदेखत मीं त्या मिस्त्रीस नको तें बोललों. पैसे खाल्ले, डुप्लिकेट सामान घातलें, असे शब्द माझ्या तोंडून गेले. तो माझ्याहून वीस वर्षांनीं लहान आहे. त्याच्या वडिलांपासून आमचें काम त्यांच्याकडे जातें. त्यानें आवाज न चढवितां उत्तर दिलें, “अप्पा, तुम्ही पंप म्हणालांत, मीं पंप केला. आतां मी काय करूं ?” त्या वेळीं मला हें उत्तर उद्धटपणाचें वाटलें. नंतर भाड्याचा ट्रॅक्टर लावून रान धरलें, तोंवर वाफसा उडून गेला होता. कपाशी नऊ दिवस मागें पडली. त्या नऊ दिवसांची किंमत वेचणीच्या वेळीं कळली.

उलगडा केला तो सालदारानें. तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता कीं, “अप्पा, टाकी भरली कीं हा लवकर बसतो, डिझेल कमी असलें कीं जास्त चालतो. आणि झाकण काढतांना सूं करतें.” मीं त्यावर हंसलों होतों. भरल्या पोटानें ट्रॅक्टर बसतो हें कोणीं ऐकलें आहे ? अखेर एके दिवशीं त्यानें मला न विचारतां झाकण काढून ठेविलें, टाकीच्या तोंडावर फडकें बांधलें आणि दिवसभर ट्रॅक्टर हांकला. संध्याकाळीं तो प्लास्टिकचा तुकडा हातांत घेऊन आला व विचारूं लागला कीं हा कोणीं ठेविला होता.

कारण अगदीं साधें होतें. टाकींतून जेवढें डिझेल इंजिनाकडे जाईल, तेवढी हवा वरून आंत आली पाहिजे, व त्यासाठीं झाकणास बारीक वाट ठेविलेली असते. गोडेतेलाच्या डब्यास एकच भोक पाडलें तर तेल डचमळत येतें व थांबतें, दुसरें भोक पाडलें कीं धार लागते, हें आपल्या घरांतील प्रत्येक बाईस ठाऊक आहे. माझ्या तुकड्यानें दुसरें भोक बुजलें होतें. टाकी गच्च भरलेली असली म्हणजे आंत हवा थोडी. तेव्हां थोडें डिझेल जातांच ती ताणली जाई व पंपाकडे जाणारी धार तुटे. टाकी जवळजवळ रिकामी असली म्हणजे आंत हवा भरपूर. दोन-चार लिटर डिझेल गेल्यानें तिला कांहीं होत नसे. थोडा वेळ उभें राहिल्यावर फटींतून हवा आंत शिरे व ट्रॅक्टर पुन्हां चालूं लागे. पंपाची हवा काढल्यामुळें तो चालू होतो असें आम्हांस उगाच वाटे. मिस्त्रीच्या हातीं मात्र तो सदैव रिकाम्या टाकीनिशीं गेला, आणि तो रिकाम्या टाकीनिशीं गेला कारण माझा मिस्त्रीवर विश्वास नव्हता. ज्या अविश्वासानें मीं डिझेल काढून घेतलें, त्यानेंच रोग झांकून ठेविला.

आतां दोष कोणाचा ? तुकडा माझा, ही गोष्ट निर्विवाद आहे. पण त्याहून मोठी चूक मला वेगळीच दिसते. मीं मिस्त्रीस लक्षण सांगितलें नाहीं, औषध सांगितलें. वैद्याकडे जाऊन, “माझें यकृत बिघडलें आहे, त्यावरचें अमुक औषध द्या,” असें आपण म्हणत नाहीं. पोटांत कोठें दुखतें, केव्हां दुखतें, जेवणापूर्वीं कीं नंतर, हें सांगतों. गाय चारा खाईना झाली तर जनावरांच्या डॉक्टरांस आपण तिचें शेण कसें आहे येथपर्यंत सांगतों. यंत्राच्या बाबतींत मात्र आपल्याला पंडित होण्याची घाई असते. “पंप गेला,” “क्लच गेली,” “हेडचें काम निघालें,” असे निकाल आपण बांधावरूनच देऊन टाकतों व मिस्त्रीकडे केवळ अंमलबजावणीसाठीं जातों. त्यानें आपल्या सांगण्याबाहेर जाऊन चार प्रश्न विचारले तर तो वेळ काढतो आहे असें म्हणतों.

आणि ज्याला खरें लक्षण ठाऊक असतें तो गॅरेजांत जातच नाहीं. ट्रॅक्टर हांकतो सालदार किंवा घरांतला मुलगा. मिस्त्रीशीं बोलतो मालक. आपल्या हुद्द्याला साजेल म्हणून आपण बोलतों, पण आपल्या अंगाखालीं तो ट्रॅक्टर कांपलेला नसतो. आवाज क्लच दाबल्यावर थांबतो कीं तसाच राहतो, एवढें एक सांगितलें तरी शोध क्लचकडे घ्यावा कीं गिअरपेटीकडे, हें जाणत्या मिस्त्रीस पुष्कळ अंशीं कळतें. धूर काळा आहे कीं पांढरा कीं निळा यावरून तो हवेच्या जाळीकडे वळेल, डिझेलकडे वळेल कीं पिस्टनच्या रिंगांकडे, हें ठरतें. कारण हवा कमी पडली म्हणजे धूर काळा येतो आणि इंजिनाचें ऑइल जळूं लागलें म्हणजे निळा. लिफ्ट उचलत नाहीं म्हणतांना ती थंड असतांना उचलते आणि तापल्यावर बसते कीं सकाळपासूनच बसलेली असते, हा फरक हजारों रुपयांचा आहे. ह्या गोष्टी हांकणारास ठाऊक असतात. त्याला कोणी विचारीत नाहीं, आणि मालक बोलत असतांना तो आपण होऊन बोलत नाहीं.

यांत भाषेचाही मोठा घोटाळा आहे व त्याकडे आमच्या मतें कोणाचें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. लाकडी औतांच्या काळीं शेतकरी व सुतार यांची बोली एक होती. हाळीस, रुमणें, फाळ, वसू, जूं, शिवळ, जोतें, तिफणीचें चाडें, नळे व फण, वखराची पास. प्रत्येक तुकड्यास नांव होतें व तें दोघांस ठाऊक होतें. फाळ जमिनींत शिरत नाहीं म्हटलें कीं सुतार स्वतः बांधावर येऊन नांगराचा कोन पाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथांत बलुतेदारीचे दोष परखडपणें मांडले आहेत, आणि ती पद्धत पुन्हां यावी असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु बलुत्यांत एक गोष्ट होती : सुताराला धान्य वर्षाचें मिळे, बदललेल्या तुकड्याचें नव्हे. औत वारंवार मोडण्यांत त्याचा कांहीं लाभ नव्हता.

ट्रॅक्टर व मोटार आल्या त्या परक्या शब्दांसह आल्या. ते शब्द आपण घेतले, पण अर्धवट घेतले. “तेल घातलें का ?” या प्रश्नांतील तेल म्हणजे डिझेल, इंजिनाचें ऑइल कीं लिफ्टचें ऑइल, हें ज्याचें त्यानें समजावयाचें. “ब्रेक लागतो” म्हणजे ब्रेक चांगला आहे, आणि “ब्रेक लागतो” म्हणजेच तो न दाबतां धरून राहतो, चाक तापतें. माझ्या पुतण्यानें आपली मोटार गॅरेजांत देतांना “गाडी ओढते” असें सांगितलें. त्याचा अर्थ ती एका बाजूस जाते असा होता. मिस्त्रीनें ऐकलें तें “ओढत नाहीं” असें, आणि त्यानें दिवसभर इंजिन तपासलें. संध्याकाळीं इंजिन साफ झालें, गाडी डाव्या बाजूस जातच राहिली व मजुरीवरून तंटा झाला. येथें लबाडी कोणाची नव्हती. पुढच्या उजव्या-डाव्या चाकांतील हवा सारखी आहे कीं नाहीं एवढें पाहण्याचें काम होतें.

यंत्र करणारा व तें वापरणारा यांच्यामध्यें ही दरी आजचीच आहे असें मात्र नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला तेव्हां लोखंडानें जमिनींत विष भिनेल असें शेतकरी म्हणत, व पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. लक्ष्मणराव त्यापूर्वीं मुंबईंत यांत्रिक रेखाटन शिकवीत होते व पुढें बेळगांवास सायकलींचें दुकान चालवीत होते. पिढीजात शेतकऱ्याची बोली त्यांची नव्हती, आणि नटबोल्टांची भाषा शेतकऱ्यांची नव्हती. तरी त्यांनीं शेतकऱ्यांस अडाणी ठरवून धंदा बंद केला नाहीं. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली ती त्याच नांगरावर. गिऱ्हाइकाचें म्हणणें वेडगळ वाटलें तरी तें ऐकून घेण्याचा धीर ज्या कारखानदारांत होता त्याचा माल खपला, हें आपल्या मिस्त्रीमंडळींनीं लक्षांत घेण्याजोगें आहे.

कारण मिस्त्रींची बाजू मांडतांना त्यांस अजिबात मोकळें सोडावें असा माझा हेतु नाहीं. आमच्या मिस्त्रीस पहिल्या दोन तासांतच पंपाविषयीं शंका आली होती. हें त्यानें मला पुढें कबूल केलें. मग तो बोलला कां नाहीं ? त्याचें उत्तर ऐकून मी कांहीं वेळ गप्प राहिलों. तो म्हणाला, “दोष सांपडला नाहीं असें म्हटलें तर तुम्ही दुसऱ्याकडे जातां. आणि नुसतें पाहण्याचे पैसे कोण देतो, अप्पा ?” हें खरें आहे. आपण सामानाचे पैसे देतों, मजुरी कुरकुरत देतों, आणि शोधाचे तर देतच नाहीं. ज्या मिस्त्रीनें दोन तास डोकें लावून झाकणाखालचा तुकडा काढला असता, त्याला मीं चहा पाजून वाटेला लावलें असतें. ज्यानें तीन नोजल बदलले त्याला अकरा हजार आठशें दिले. असा व्यवहार आपणच ठेविल्यावर सामान बदलण्याकडे त्याचा कल गेला तर नवल कोणतें ? डॉक्टरांस तपासण्याची फी आपण मुकाट्यानें देतों, औषध लिहून दिलें नाहीं तरीही देतों. ट्रॅक्टर तपासण्याची फी, समजा तीनशें-चारशें रुपये, ठरवून दिली आणि दोष सांपडो वा न सांपडो ती देण्याचें कबूल केलें, तर माझ्या अंदाजानें पुष्कळ नोजल जागच्या जागीं राहतील.

त्याच्याकडूनही कांहीं मागण्याचा आपल्याला हक्क आहे व तो कायद्यानें दिलेला आहे. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलांत आला आहे. त्यांत केलेल्या सेवेचें बिल न देणें ही अनुचित प्रथा धरली आहे, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठीं यंत्र घेणारा व वापरणारा माणूस ग्राहक ठरतो. तक्रार दोन वर्षांच्या आंत आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करतां येते, व पांच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांस फी नाहीं. पण तक्रारीस कागद लागतो, आणि आपला सारा व्यवहार तोंडी. मीं खरोखर आयोगाकडे गेलों असतों तर तेथें दाखविण्यास माझ्याजवळ तो प्लास्टिकचा तुकडा सोडून कांहींही नव्हतें ! कोणतें काम केलें, कोणतें सामान कोणत्या कंपनीचें घातलें, जुने भाग परत दिले कीं नाहीं, एवढें अर्ध्या पानावर लिहून घेण्यास दहा मिनिटें लागतात. जुना भाग मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें असें मिस्त्री मानतात. तो भाग पाहून आपण शहाणे होतों हें त्यांस समजावून द्यावें. मला तर जुने नोजल हातांत आले असते तरी त्यांतलें कांहीं कळलें नसतें. पण ते दुसऱ्या जाणत्यास दाखवितां आले असते.

येथवर गोष्ट जुन्या ट्रॅक्टरची झाली, ज्याचें झाकण काढलें कीं कान लावून कांहीं ऐकूं येतें. पुढची स्थिति याहून बिकट आहे. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांस धुराचे अधिक कडक नियम लागू झाले, आणि त्यांतील पुष्कळांत डिझेल किती व केव्हां सोडावयाचें हें आतां विजेचा मेंदू ठरवितो. असा ट्रॅक्टर बिघडला म्हणजे समोर एक दिवा लागतो व एक आंकडा उमटतो. त्या आंकड्याचा अर्थ काढण्याचें उपकरण कंपनीच्या कारखान्यांत असतें, गांवच्या मिस्त्रीजवळ नसतें. पूर्वीं दोन माणसांची एकमेकांशीं भाषा जुळत नव्हती. येथें यंत्र बोलतें व दोघांपैकीं कोणालाच कळत नाहीं. हा प्रश्न आपल्यापुरता नाहीं. अमेरिकेंत शेतकऱ्यांनीं याच कारणावरून जॉन डीअर या बलाढ्य कंपनीशीं अनेक वर्षें झगडा केला. २०२३ च्या जानेवारींत त्या कंपनीनें शेतकरीसंघाशीं दुरुस्तीच्या साधनांविषयीं करार केला, आणि तरीही २०२५ च्या जानेवारींत तेथील सरकारी व्यापार आयोगानें तिच्यावर खटला भरला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक खात्यानें २०२२ च्या जुलैंत दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली. तिनें विचारांत घेतलेल्या वस्तूंत शेतीचीं अवजारें आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्या खात्यानें दुरुस्तीची माहिती एकत्र देणारें संकेतस्थळही उघडलें. कंपन्यांवर बंधन घालणारा स्वतंत्र कायदा होण्यासाठीं शेतकऱ्यांच्या संस्थांनीं आग्रह धरावा, असें मला वाटतें. नवा ट्रॅक्टर घेतांना आपण हप्ता व बक्षीस विचारतों. तो बिघडल्यास गांवच्या मिस्त्रीला उघडतां येईल का, हेंही त्याच टेबलाशीं विचारावें.

पण कायदा येईल तेव्हां येईल. आपल्या संस्थेला आजच करतां येण्यासारखें थोडें आहे. प्रत्येक ट्रॅक्टरमागें एक वही असावी, शंभर पानी, आणि ती मालकाच्या कपाटांत न राहतां हांकणाराजवळ राहावी. ऑइल कोणत्या दिवशीं बदललें, बंद कोठें पडला, त्या वेळीं टाकींत डिझेल किती, चढ होता कीं सपाट, धुराचा रंग कोणता, हें त्यानें आपल्या बोलींत लिहावें. त्याला लिहितां येत नसेल तर घरांतल्या शाळकरी मुलीनें लिहावें. वही ट्रॅक्टरबरोबर गॅरेजांत जावी व हांकणाराही जावा. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडाली असें कोणी समजूं नये. मध्यप्रदेशांत नर्मदेच्या कांठीं बुदनी येथें केंद्र सरकारची ट्रॅक्टर शिकविणारी संस्था १९५५ सालापासून आहे. आपल्या सभासदांचीं दोन मुलें तेथें शिकून आलीं तर बाजारांतल्या मिस्त्रीशीं बोलण्यास दुभाषी तरी मिळतील. आणि डिझेलविषयीं : टाकी रिकामी करून ट्रॅक्टर पाठविण्याची चाल सोडावी. मोजून पाठवावें, मोजून परत घ्यावें, आंकडा वहींत लिहावा.

आमचा व मिस्त्रीचा अबोला दीड महिना चालला. पोळ्याच्या आदल्या दिवशीं मी त्याच्याकडे गेलों व जें चारचौघांदेखत बोललों होतों तें चारचौघांदेखत परत घेतलें. पैशांविषयीं त्यानें मजुरीपैकीं पंधराशें परत देऊं केले. मीं ते घेतले. न घेतले असते तर तें औदार्य त्याच्या डोक्यावर राहिलें असतें असें वाटलें, पण माझ्या घरांत याविषयीं अद्यापि मतभेद आहे. सामानाचे पैसे त्याचे गेले होते व माझेही गेले होते. नोजल मात्र अजून उत्तम चालत आहेत, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

रब्बीची गर्दी सुरू होण्यापूर्वीं एक दिवस तालुक्यांतील मिस्त्री, ट्रॅक्टरमालक व हांकणारे यांस संस्थेच्या आवारांत एकत्र बसवावें, चार बिघडलेले ट्रॅक्टर मधोमध उभे करावे, आणि लक्षण कसें सांगावें व तपासणीची फी किती असावी हें तेथेंच ठरवावें, अशी लेखी विनंती मीं चिटणिसांस केली आहे. आमचे मिस्त्री येण्यास कबूल झाले आहेत. त्यांची एकच अट आहे : बैठक अमावास्येस ठेवावी, कारण त्या दिवशीं त्यांचें गॅरेज बंद असतें, आणि सालदारांस बोलावणें विसरूं नये.